हळदीचा माग

दंडोबाच्या चढावर गाडी उकळली तेव्हा मामंजींनी आधी इंजिन बंद केलं, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "राजमती, सकाळी मी पाणी घातलं होतं ना गं?"

"मी आंघोळीला होते, मामंजी."

"होय. तू आंघोळीला होतीस." त्यांनी चष्मा परत चढवला. "घातलं होतं. घातलंच होतं."

बॉनेटच्या फटींतून वाफ फुसफुसत होती. दोन्ही बाजूंना बाभळी, पुढे उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, आणि माझ्या डोक्यात शाळेची घंटा. डोंगरापलीकडच्या गावात मी मुलींच्या शाळेवर शिक्षिका होते. एस.टी. पोचायची ती प्रार्थना संपल्यावर. म्हणून रोज सकाळी सांगलीहून मामंजी, म्हणजे माझे सासरे, मला गाडीने सोडायचे आणि दुपारी न्यायला यायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. म्हणायचे, "पेन्शनरला काहीतरी ड्यूटी पाहिजे, नाहीतर तो घरातल्या भांड्यांची मोजदाद करत बसतो."

गाडी त्यांनी कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. मळकट पांढऱ्या रंगाची. घरात तिला ढवळी म्हणत. ढवळी आता म्हातारी झाली होती, पण दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हा चढ ती कुरकुर न करता चढायची.

मामंजींनी इंजिन निवू दिलं, हाताला पंचा गुंडाळला, अंग बाजूला धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. मागे ठेवलेला पाण्याचा डबा जवळजवळ सगळा आत गेला.

"बघितलंस? निम्म्याहून जास्त रिकामी होती." ते रिकाम्या डब्याकडे बघत राहिले. "उभा जन्म कालव्यांवर गेला माझा. पाणी हरवत नसतं, पोरी. ते कुठंतरी जातं. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं. जैनाचं घर. त्यामुळे घरातले सगळे वाद लख्ख उजेडात व्हायचे, कुणाचा चेहरा लपायचा नाही.

"परत उकळली?" आमच्या ह्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं.

"चढ आहे तिथं," मामंजी म्हणाले.

"चढ गेल्या वर्षीही होता, अण्णा. तुम्ही पाणी घालायला विसरताय."

"रोज घालतो. गाळून घालतो."

"मग जातं कुठं? खाली एक थेंब नाही. गाडी उभी असते तिथली फरशी कोरडी ठणठणीत. रज्जाक मिस्त्रीला गळती सापडत नाही. मग आम्ही काय समजायचं?" ह्यांनी आवाज खाली आणला. ह्यांचा आवाज खाली आला की मला जास्त भीती वाटायची. "रविवारी तासगावचा एकजण गाडी बघायला येतोय. आणि नंतर मिरजेला एका डॉक्टरला तुम्हाला दाखवून आणू. मोठ्या काकांचंही असंच सुरू झालं होतं."

मोठे काका म्हणजे मामंजींचे थोरले भाऊ. शेवटची काही वर्षं ते रोज सकाळी कोट-टोपी घालून ओसरीवर बसायचे, बायकोला माहेराहून आणायला जायचंय म्हणून. बायको जाऊन किती वर्षं झाली होती. त्यांना घास भरवायचे ते मामंजीच.

सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, मामंजींच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी घातली.

"श्रेणिक," मामंजी म्हणाले, "रविवारपर्यंत थांब. गळती गाडीत आहे का माझ्यात, एवढं मला कळू दे. माझ्यात असली तर किल्ली मीच तुझ्या हातात देतो. तुला मागायला लागणार नाही."

त्या आठवड्यात घरात कुणाला स्वस्थ बसवेना. मामंजी संध्याकाळी गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवायचे आणि सकाळी ती उन्हाकडे धरून बघायचे. कागद कोरडे. मग ते काडी घेऊन रेडिएटरमध्ये बुडवायचे, अंगठ्याच्या नखाने खूण करायचे, तासाभराने परत जायचे. जेवताना मधेच उठायचे. मी वह्या तपासत असले तरी कान अंगणात. आमचे हे वरवर काही बोलत नव्हते, पण खुंटीवरच्या किल्लीकडे त्यांची नजर जायची, आणि ती तशी गेली की आत्याबाई उगाच त्या खुंटीवर काहीतरी अडकवायच्या, पिशवी नाहीतर छत्री.

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही परस्पर रज्जाक मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. रज्जाक जाडजूड, तोंडात कायम पान.

"अण्णा, सगळे पाइप बघितले. पंप बघितला. रेडिएटर काढून हौदात बुडवला, एक बुडबुडा न्हाई. इंजिन तासभर चालू ठेवलं. कुठं काय न्हाई."

"चढावर जातं पाणी. इथं उभ्या उभ्या कसं कळणार?"

"आता चढ कुठनं आणू मी गॅरेजात?" तो हसला. मग मामंजींचा चेहरा बघून त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "वय झालं की होतं अण्णा. त्यात लाज कसली? वहिनीला सांगा, सकाळी आठवण करत जा म्हणावं."

मामंजींनी बॉनेट लावलं. परत येताना गाडी अगदी सावकाश चालवली. पुलावर आलो तेव्हा म्हणाले, "मला काहीतरी विचार."

"काय विचारू?"

"काहीही. मास्तरीण ना तू?"

"एकोणतीस सत्ते?"

"दोनशे तीन. पाढे नको विचारू, पाढे हाडात मुरलेले असतात. काल काय जेवलो ते विचार."

"काल काय जेवलात, मामंजी?"

पूल संपला. पुढचा चौक आला. एक सायकलवाला आडवा गेला, त्याला त्यांनी वाट दिली.

"तुला आठवतंय का?" त्यांनी विचारलं.

"मुगाची उसळ होती."

"मीही तेच म्हणणार होतो," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत बसले. मला स्वतःलाही परवा काय जेवलो ते आठवत नव्हतं, पण हे मी त्यांना सांगितलं तर ती समजूत घातल्यासारखी झाली असती, आणि समजूत त्यांना कुणी घातलेली खपायची नाही.

शुक्रवारी कहर झाला. चढ अजून लांब होता, सपाट रस्त्यावरच काटा लाल खुणेकडे सरकायला लागला. आणि त्याच वेळी मला तो वास आला.

"मामंजी, कुठंतरी फोडणी करपलीय."

"इथं? माळावर?"

खरंच, आजूबाजूला एक घर नव्हतं. नुसती ज्वारीची रानं. मी काच पूर्ण खाली केली. वास गाडीबरोबरच येत होता, पायांच्या बाजूने, पुढून.

"हळद करपल्याचा वास आहे."

"सांगलीत राहून राहून तुझ्या नाकात हळद बसलीय. तुला उद्या स्वर्गातही हळदीचाच वास येईल." हे म्हणता म्हणता त्यांनी गाडी थांबवली, कारण बॉनेटमधून वाफ आलीच.

गाडी निवायला वेळ लागला. झाकण उघडलं, आणि मामंजी तसेच वाकून राहिले. मी जवळ गेले. आत पाणी नव्हतं, वरण होतं. पिवळंधमक. झाकणाच्या आतल्या बाजूला हळदीचा लगदा बसलेला.

मामंजी मागे सरले आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"मी घातली?"

"तुम्ही कशाला घालाल?"

"ट्रकवाले घालतात. बारीक गळती असली की रेडिएटरमध्ये हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते. मला माहिती आहे हे. तुला माहिती होतं?"

"नाही."

"श्रेणिकला माहिती असायचं कारण नाही. गाडीला हात मीच लावतो." ते एकेक वाक्य पाट मांडल्यासारखं शेजारी शेजारी ठेवत होते. "म्हणजे मीच घातली असणार. आणि मला आठवत नाही. राजमती, मला जराही आठवत नाही."

तोपर्यंत त्या माणसाला म्हातारा म्हणायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी नुसती उभी राहिले. शाळेची वेळ टळून गेली होती. एक बैलगाडी आली, गाडीवानाने चाक मोडलं का म्हणून विचारलं, मी नाही म्हणाले, तो गेला.

"चला, रज्जाककडे जाऊ," मी शेवटी म्हणाले.

थांबत थांबत, पाणी मागत मागत गॅरेज गाठलं. रज्जाकने आत डोकावलं आणि पानाची पिंक टाकून मोठ्याने हसला.

"आता! हळद लागली की नवरीला! अक्षता कधी टाकायच्या, अण्णा?"

मामंजी हसले नाहीत. मग रज्जाकही वरमला. त्याने बोट आत घालून लगदा काढला. "किती घातली ही? चिमूटभर घालायची असती. ह्यानं जाळीच तुंबली सगळी, म्हणून लवकर तापली. ही बुजवायची न्हाई, बुडवायची तऱ्हा झाली."

"पण वास बाहेर कसा आला?" मी विचारलं.

"कसला वास, ताई?"

"हळद करपल्याचा. गाडी चालू असताना. झाकण तर बंद होतं."

रज्जाक मला काहीतरी सांगणार होता, पण मामंजी एकदम ताठ झाले. मैलाच्या दगडावर बसले होते तेव्हापासून पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

"थांब. झाकण बंद होतं. हळद पाण्यात होती. पाण्यातली हळद करपत नाही, शिजते." ते भराभर बोलायला लागले. "करपली म्हणजे पाणी बाहेर पडलं, तापलेल्या लोखंडावर पडलं, पाण्याची वाफ झाली आणि हळद मागं राहिली. रज्जाक, कालव्याचा पाझर सापडला नाही की आम्ही पाण्यात रंग सोडायचो. जिथं रंग उगवेल तिथं भोक. हा रंग सुटलाय आपला. बघ कुठं उगवलाय!"

"पण मी सगळीकडं बघितलंय अण्णा..."

"दिसतं तिथं बघितलंस. दिसत नाही तिथं बघ."

रज्जाकने बॅटरी घेतली, दाढीचा आरसा घेतला आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे हात कसाबसा शिरतो, तिथे आरसा तिरका धरला. बराच वेळ त्याचे फक्त पाय हलत होते. मग तो हलायचाच थांबला.

"या अल्ला," आतून आवाज आला. "अण्णा, इकडं या."

मामंजी खाली अंथरलेल्या पोत्यावर गुडघे टेकून वाकले. त्यांनी आरशात पाहिलं, पाहत राहिले, आणि मग हात मागे करून मला खूण केली.

"तू बघ."

"तुम्ही बघितलंत ना?"

"मला दिसतंय तेच तुला दिसतंय का, ते सांग."

मी पदर खोचून वाकले. आरशात इंजिनाच्या पाठीत बसवलेलं पत्र्याचं एक गोल झाकण दिसत होतं, रुपयाएवढं, गंजून काळं पडलेलं. त्याच्या खालच्या कडेपासून एक पिवळा ओघळ निघाला होता. बारीक, सरळ, गंधाच्या रेघेसारखा. तो धुराच्या नळीपर्यंत गेला होता, आणि नळीवर त्याचा तपकिरी, जळका डाग झाला होता.

"पिवळी रेघ आहे, मामंजी," मी म्हणाले. "वरून खाली. नळीपर्यंत."

"आहे ना?"

"आहे."

रज्जाक आरसा पुसत बाहेर आला. "थंड असलं की भोक मिटतं, तापलं, जोर आला की उघडतं. पडलेला थेंब नळीवरच वाफ होऊन जातो. खाली काय पडणार, डोंबल? अण्णा, माफ करा. तुम्ही पाणी घालत होता."

"होय," मामंजी म्हणाले. "मी पाणी घालत होतो."

त्या संध्याकाळी ते जेवायला बसले ते लग्नघरातल्यासारखे. ह्यांना सगळी हकीकत दोनदा सांगितली, आरशाची तर तीनदा. आमच्या ह्यांनी ताटातल्या भाताचा ढीग केला, मोडला, परत केला.

"अण्णा, चुकलं माझं. तासगावला निरोप धाडतो उद्याच."

"आणि मिरजेला?"

"तेही राहू दे."

"राहू दे म्हणतोय!" मामंजी माझ्याकडे वळले. "बघ, बँकेतला माणूस. व्याज सोडलं, मुद्दल सोडलं."

"पण अण्णा, हळद घातली कुणी?"

मामंजींचा हात थांबला. एवढा वेळ त्यांनी तो प्रश्न वळसा घालून टाळला होता, हे मला तेव्हा कळलं.

"मी," आत्याबाई म्हणाल्या. त्या आमटी वाढत होत्या, पळी हलली नाही. "आमच्या दादाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर सांगत होता मागं. आज गाडी निघायच्या जरा आधी दोन वाट्या घातली."

"दोन वाट्या!"

"मग? माझ्या हातून कधी काही कमी पडलंय का?"

मामंजी हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, ह्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "मला वेड लागायची पाळी आली आणि ही बया... दोन वाट्या! अगं, एक शब्द बोलायचं की!"

आत्याबाईही हसल्या. पण त्या लवकर थांबल्या.

जेवणं आटोपली, उजेड होता तोवर आम्ही दोघी मागच्या दारी भांडी घासायला बसलो. मला राहवेना.

"आत्याबाई, म्हणजे गळती गाडीतच आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. न्हाणीच्या खिडकीतनं रोज बघते. रोज पाणी घालतात."

"मग ह्यांना सांगायचं नाही का? मामंजींचे काय हाल झाले या आठवड्यात! तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

त्यांनी तवा उलटा केला आणि राखेने घासायला लागल्या.

"रोज घालतात म्हटलं असतं, तर श्रेणिकनं विचारलं असतं, आई, अजून काय बघितलंस? आणि मला खोटं बोलता येत नाही."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"घालून आत येतात. चहा घेतात. माझ्याशी दोन शब्द बोलतात. आणि उठून परत कळशी भरतात, गाळणं लावतात, आणि पाणी घालायला जातात. पहिल्यांदाच जात असल्यासारखे." त्यांनी तवा उजेडात धरून पाहिला. "रोज नाही. पण होतं. दिवाळीपासून."

अंगणातून मामंजींचा आवाज येत होता. शेजारच्यांना ते आरशाची गोष्ट सांगत होते.

"गळती बुजली असती तर कुणी खोदायला आलं नसतं गं. खोदायला लागलं की एक हुडकताना दुसरंही हाताला लागतं. म्हणून घातली दोन वाट्या."

"मग आता?"

"आता तू गाडी शीक." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तूच माग त्यांच्याकडे. मला शिकवा म्हण. त्यांनी शिकवली असं होऊ दे. कुणी काढून घेतली असं नको."

शनिवार-रविवार मी ते वाक्य मनात घोळवत होते. मामंजी, मला शिकवता का? मामंजी, बाई माणसाने गाडी चालवली तर काय होतं? हसत म्हणायचं का गंभीरपणे? रज्जाकने नवं झाकण बसवलं होतं, जाळी धुऊन दिली होती, ढवळी गप्पगार झाली होती. तासगावचा माणूस आला नाही. मामंजींनी रविवारी दुपारी चक्क झोप काढली. मला मात्र झोप नव्हती.

सोमवारी सकाळी मी डबा आणि पिशवी घेऊन अंगणात आले. गाडीचं दार उघडायला डावीकडे वळले, तर त्या बाजूला मामंजी बसलेले. टोपी नीट, हात मांडीवर.

"मामंजी, तुम्ही इकडे कसे?"

"तिकडनं बस."

मी तशीच उभी राहिले. घोळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"सकाळी पाणी बघायला आलो," ते समोरच्या काचेतून बोलत होते. "झाकण उघडलं. काठोकाठ. म्हटलं, रज्जाकनं काम चोख केलंय, थेंब हलला नाही. मग खाली बघितलं, तर फरशी ओली. बंपरवरनं पाणी ओघळत होतं. कुणीतरी आत्ताच ओतून गेलं होतं, उतू जाईस्तोवर. मी हाकसुद्धा मारली, कोण आहे रे तिकडं, म्हणून."

"कोण होतं?"

त्यांनी उजवा हात खिडकीतून बाहेर काढून माझ्यापुढे धरला. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती.

न्हाणीच्या खिडकीचं दार हळूच लागल्याचा आवाज आला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मी वळसा घालून गेले, पिशवी मागे ठेवली आणि चाकामागे बसले. माझे पाय कुठे ठेवायचे तेच मला कळेना.

"घाबरायचं नाही," मामंजी म्हणाले. "डावा पाय क्लचवर. पूर्ण दाब. आणि सोडताना सावकाश सोड, पोरी. एकदम सोडलं की हिसका बसतो."